पोटावर झोपता, म्हणून सगळ्यात कडक गादी? एका व्हॉट्सॲप मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पोटावर झोपणाऱ्यांनी मऊ गादी आजच काढून टाकावी. दुकानातली सगळ्यात कडक ‘ऑर्थो’ गादी घ्यावी. डेन्सिटीचा आकडा जितका मोठा, तितकी गादी चांगली. परवडत नसेल तर लादीवर चटई टाकून झोपावं, आपले आजोबा तसेच झोपायचे. जुनी गादी बसली असेल तर खाली प्लायवूड सारावं. आणि शेवटी, ‘हे घरातल्या सगळ्यांना लागू, लहान बाळांनासुद्धा.’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं पटून जातं. पैसे आणि कंबर दोन्ही खर्ची पडण्याआधी एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘मऊ गादी पोटावर झोपणाऱ्यांना वाईट’

बरोबर. पण का, ते कळलं पाहिजे. पालथं झोपलं की कंबर-नितंबांचा जड भाग गादीच्या मधोमध येतो. गादी मऊ असेल तर तो खाली जातो. छाती आणि मांड्या मात्र वर राहतात. कमरेचा मूळचा बाक त्यामुळे आणखी वाढतो, मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि सकाळी कंबर धरते. अर्धा तास हालचाल झाली की मोकळी होते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो.

म्हणजे पाहायचं एवढंच, की ओटीपोट छातीपेक्षा खाली जातंय का. पूर्ण गादी सारखीच थोडी दबत असेल तर बिघडत नाही. फक्त मधला भाग दबला की बिघडतं.

‘म्हणून सगळ्यात कडक घ्या’

इथे मेसेजची उडी चुकते. फार कडक गादीवर बरगड्या, कमरेची पुढची दोन हाडं, गुडघे आणि पायाचे अंगठे टोचतात. माणूस रात्रभर कूस बदलत राहतो, हात उशीखाली घालून छाती उचलू पाहतो आणि हाताला मुंग्या येतात. छाती उचलली की कमरेचा बाक पुन्हा वाढतो. जे टाळायला कडक गादी आणली, तेच होतं.

२००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला. जुन्या कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम-कडक गादी दिली. ९० दिवसांनी बिछान्यात पडल्यावर आणि उठताना होणारा त्रास मध्यम-कडक गादीवाल्यांना कमी होता. हा प्रयोग पोटावर झोपणाऱ्यांपुरता नव्हता, त्यामुळे त्यांनी मध्यमपेक्षा जराशी कडक बाजू धरावी, असं आमचं मत. पण ‘जितकी कडक तितकी बरी’ हे त्यातून कुठेच निघत नाही.

गादीचा थर असा असावा: खाली ४ इंच न दबणारा गाभा, म्हणजे रबर लावलेला काथ्या, रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे चिकटवून केलेला) किंवा कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोम, त्यावर १ इंच मऊ थर. वजन ६० किलोच्या आत असेल तर वरचा थर दीड इंच चालतो, कारण हलक्या शरीराला तेवढी गादीही कडकच जाणवते. ८५ किलोच्या वर असेल तर वरचा थर इंचाच्या पुढे नको आणि गाभा ५ इंचांचा घ्या. स्प्रिंगची गादी घ्यायची तर वर जाड मऊ उशीसारखा थर शिवलेली टाळा.

‘ऑर्थो’ या शब्दाने कडकपणाचं कुठलंही माप कळत नाही. दोन कंपन्यांच्या ‘ऑर्थो’ गाद्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. दुकानदाराला एवढंच विचारा: आत कुठले थर, कुठल्या क्रमाने, किती इंच? सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

‘डेन्सिटी जास्त, म्हणजे गादी चांगली’

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे ३२ किलो. या आकड्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. तो किती कडक आहे हे कळत नाही. ५० डेन्सिटीच्या मेमरी फोममध्ये हाताचा पंजा रुतून बसतो आणि ३२ डेन्सिटीचा साधा पीयू फोम त्याहून ताठ असू शकतो. रिबॉन्डेडचा आकडा ८०-१०० असतो, कारण तो फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेला असतो. या तिघांचे आकडे एका रांगेत लावण्यात अर्थ नाही.

मेमरी फोमची आणखी एक गोष्ट मुंबईत लक्षात ठेवावी लागते. तो उष्णतेने मऊ होतो. एसी लावलेल्या शोरूममध्ये तो जितका ताठ लागतो, तितका मे महिन्यात पंख्याखाली राहत नाही. दहा मिनिटांत कमरेखाली खळगा होतो. पोटावर झोपणाऱ्याने जाड मेमरी फोम घेऊ नये. हवाच असेल तर सगळ्यात वर एक इंच, त्याहून जास्त नाही.

डेन्सिटी मात्र घरी तपासता येते. ७२ × ३६ इंचांची, ५ इंच जाडीची पूर्ण फोमची गादी ३२ डेन्सिटीची असेल तर फोमचं वजन साधारण ६.८ किलो भरतं, ४० ची असेल तर साडेआठ. ४ इंच ९० डेन्सिटीचं रिबॉन्डेड आणि वर १ इंच ३२ चा फोम असेल तर साडेसोळा किलोच्या आसपास. कापडाचं वजन त्यात मिळवा. गादी कवेत धरून वजनकाट्यावर उभं राहा, मग आपलं वजन वजा करा. बिलावर ४० आणि काट्यावर सात किलो निघाले तर लगेच गादी परत करा.

‘लादीवर चटई, आजोबांसारखं’

आजोबा नुसत्या चटईवर झोपत असतील तर त्यावर बहुधा घोंगडी असायची, नाहीतर गोधडी. बऱ्याच घरांत कापसाची गादी होती आणि ती दर सकाळी गुंडाळून ठेवली जायची. हा रोज उचलण्याचा भाग मेसेजमध्ये गळला आहे.

लादी गार असते. अंगाची वाफ गादीतून खाली जाते, लादीवर तिचं पाणी होतं आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते सुकत नाही. दोन-तीन आठवड्यांत गादीच्या तळाला काळे ठिपके दिसू लागतात, वास यायला लागतो. तळमजल्यावर हे आणखी लवकर होतं. जमिनीवरच झोपायचं असेल तर खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवा आणि गादी रोज सकाळी भिंतीला उभी करा.

कापसाची गादी मात्र मेसेजवाल्यांनी विसरायला नको होती. नव्याने पिंजलेली, घट्ट टाक्यांची ३-४ इंची गादी पालथ्या झोपेला छान असते: वरून नरम, आतून ठाम. बिघडते ती कापूस बसल्यावर. खळगा नेमका कमरेखाली पडतो. म्हणून दर पंधरवड्याला डोक्याची बाजू पायाकडे करा, महिन्याला उलटवा, ऊन असेल तेव्हा गच्चीवर टाका. पिंजाऱ्याला सांगून मधल्या तिसऱ्या भागात अर्धा किलो कापूस जास्त भरून घ्या आणि टाके जवळजवळ मारायला सांगा. पिंजून घ्यायचं काम एप्रिल-मेमध्येच उरकावं. पावसात ओलसर कापूस भरला तर त्याच्या गाठी होतात.

‘खाली प्लायवूड सारा’

आधी खड्डा कशात आहे ते पाहा. गादी लादीवर पसरा आणि तिच्यावर पडद्याची सरळ दांडी आडवी ठेवा. दांडीखाली एक इंचाहून जास्त पोकळी दिसली तर खड्डा गादीत आहे; प्लायवूडने तो भरत नाही. पोकळी दिसली नाही तर दोष पलंगाच्या पट्ट्यांचा किंवा लोखंडी खाटेच्या जाळीचा. तेव्हा १२ मिमी प्लाय उपयोगी पडतो. त्याला हातभर अंतरावर इंचाची भोकं पाडून घ्या, नाहीतर तिथेही ओल धरेल. बॉक्स बेडला प्लाय आधीच असतो, दुसरा घालून काहीच होत नाही.

मेसेजमध्ये नसलेलं: उशी आणि लांबी

मान एका बाजूला पूर्ण वळलेली असताना डोकं चार इंच उचलून धरणं हा मानेवर अन्याय आहे. उशी दोन इंचांच्या आत हवी. सावरीच्या कापसाची उशी असेल तर उसवून निम्मा कापूस काढून घ्या. दुसरी गोष्ट, सोलापुरी चादर घडी घालून दीड इंच जाड करा आणि बेंबीपासून जांघेपर्यंतच्या भागाखाली ठेवा. नवी गादी घेण्याआधी हे दहा रात्री करून पाहा. सकाळचं दुखणं कमी झालं तर गादी मधे दबत असण्याची शक्यता आहे. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर डॉक्टरकडे जा. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर तडक हॉस्पिटल.

पालथं झोपताना पावलं मागे ताणलेली असतात, त्यामुळे माणूस उंचीपेक्षा पाच-सहा इंच जास्त जागा घेतो. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला ७२ इंची गादी आणि पायाशी फळी असलेला पलंग म्हणजे रात्रभर अंगठे दाबलेले. ७८ इंची घ्या. खोलीत ती मावत नसेल तर पायाशी फळी नसलेला पलंग घ्या आणि पावलं काठाबाहेर सोडा.

दुकानात हाताने दाबून पाहू नका. दहा मिनिटं पालथे पडा आणि सोबतच्या माणसाला मोबाइल गादीच्या उंचीवर धरून बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोत पाठ झोळीसारखी मधे खाली गेलेली दिसली तर ती गादी नको.

राहिली बाळांची गोष्ट. मेसेजमधलं ‘लहान बाळांनासुद्धा’ हे वाक्य कृपया पुढे पाठवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला प्रत्येक झोपेसाठी उताणंच ठेवायचं: सपाट, ठाम गादीवर, उशी आणि सैल पांघरूण न ठेवता. पालथं झोपवलेल्या तान्ह्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो, आणि गादी कडक असली तरी तो टळत नाही.