ब्रीदर बुजवून गळती थांबत नाही

“हाउसिंगमधून ऑइल गळतंय? गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका” अशा मथळ्याचा एक संदेश सध्या मालवाहू पिकअप चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये जोरात फिरत आहे. हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधले लोखंडी कवच, ज्यात चाके फिरवणारे गियर आणि त्यांचे ऑइल असते. माझ्यापर्यंत तो धाकट्या मेहुण्याकडून आला, आणि सोबत एक वाक्य होते: “दाजी, यातलं दोन नंबरचं करून बघितलं, तर आता चाकाकडूनही यायला लागलं.” हा मेहुणा नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेज घाट उतरतो आणि पहाटे वाशीच्या बाजारात माल लावतो. त्याच्या मागच्या चाकाच्या आतील बाजूस ऑइल आहे हे कळल्यावर मला तो संदेश नुसता वाचून सोडून देता आला नाही. त्यात सहा उपाय आहेत. त्यांतील एक निरुपद्रवी आहे, तीन गाडीचे नुकसान करणारे आहेत आणि दोन माणसाच्या जिवावर बेतू शकतील असे आहेत.

पहिले म्हणणे असे की थोडे ऑइल येणे हे हाउसिंगमध्ये भरपूर ऑइल असल्याचे लक्षण आहे. यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पिनियनच्या (इंजिनाकडची फिरकी हाउसिंगमध्ये नेणाऱ्या दातेरी शाफ्टच्या) तोंडाशी ओलसरपणा असेल, त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला असेल, परंतु खाली थेंब पडत नसेल, तर लगेच हाउसिंग खोलण्याची गरज नसते. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले तरी ते सीलमधून, म्हणजे शाफ्टभोवती बसवलेल्या, ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीतून बाहेर येते. पण ते भरपूर आहे की संपत आले आहे हे डागावरून ठरत नाही. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचे बूच) काढावा आणि बोट घालून पाहावे. ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत असले पाहिजे.

दुसरा उपाय सगळ्यांत हास्यास्पद आहे आणि मेहुण्याने नेमका तोच केला. “हाउसिंगच्या वरच्या छोट्या टोपीतून ऑइल उडते, ती एम-सीलने बुजवा.” ही टोपी म्हणजे ब्रीदर, हाउसिंगमधील हवेची आत-बाहेर जाण्याची वाट. घाट चढताना-उतरताना आतील ऑइल आणि त्यावरची हवा तापते. ३० अंशांवरची बंदिस्त हवा ९० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे टायरच्या भाषेत जवळजवळ ३ पीएसआय. टायरच्या हिशेबात हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु सीलची रबरी लिप शाफ्टवर एका बारीक स्प्रिंगने दाबून धरलेली असते आणि ती दाब अडवण्यासाठी केलेलीच नसते. फिरत्या शाफ्टच्या अशा सीलसाठी आयएसओ ६१९४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते कमी दाबाच्या वापरासाठीच आहे. नवा सील हा दाब कदाचित सोसेल, पण चार पावसाळे पाहिलेला, कडक झालेला सील सोसणार नाही. त्यामुळे जे ऑइल वरून उडत होते, ते आता चाकाकडून आणि पिनियनकडून बाहेर पडते. एवढ्यावर हे थांबत नाही. तापलेले हाउसिंग पावसात रस्त्यावरच्या पाण्यात शिरले की एकदम थंड होते, आतील हवा आकसते आणि ब्रीदर बंद असल्याने त्याच थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यानंतर ऑइल दुधासारखे निघते, त्याचे एक कारण हे असते. ब्रीदरमधून ऑइल उडत असेल तर आधी पातळी तपासावी, मग ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा आणि त्यातून फुंकर आरपार जाते का ते पाहावे. मुळात सील बदलण्यापूर्वीचे पहिले काम हेच आहे, कारण बुजलेल्या ब्रीदरसह बसवलेला नवा सीलही काही दिवसांत गळू लागतो.

तिसरा उपाय डिफरन्शियलमध्ये (हाउसिंगमधल्या गियरच्या संचात) थोडे ब्रेक ऑइल ओतण्याचा. त्याने सीलचे रबर फुगते आणि काही दिवस गळती थांबलेली दिसते, म्हणूनच हा सल्ला मरत नाही. पुढे तेच रबर मऊ पडून फाटते. शिवाय नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि गियर ऑइलमध्ये नीट मिसळत नाही. क्राऊन (पिनियन जिला फिरवतो ती मोठी दातेरी चकती) आणि पिनियन यांच्या घासणाऱ्या दातांमध्ये असा पदार्थ सोडणे म्हणजे सीलचे पैसे वाचवून क्राऊनचे घालवणे.

चौथा उपाय ९० नंबरऐवजी १४० नंबरचे ऑइल किंवा सरळ ग्रीस भरण्याचा आहे. काही जड वाहनांना उत्पादकच १४० सांगतो, हे खरे. पण गियर ऑइलच्या एसएई जे३०६ या वर्गीकरणात १०० अंशांना ९० नंबरची दाटी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (दाटी मोजण्याचे एकक), तर १४० ची २४ ते ३२.५ सेंटिस्टोक्स आहे. इतका फरक गाडीच्या पुस्तिकेला न विचारता करायचा नसतो. ग्रीसबद्दल बोलण्यासारखे काही नाही. दात त्यातून वाट कापतात आणि कोरडे फिरतात.

या सगळ्यात संदेश लिहिणाऱ्याला एक प्रश्न पडलेला नाही, तो म्हणजे ऑइल नेमके कुठून येत आहे. हाउसिंग डिझेलने धुऊन, पुसून, कोरडे करून वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवली की उत्तर दिसते. पिनियन सील गळत असेल तर पिनियनच्या टोकाची फिरणारी फ्लँज (गोल चकती) ऑइल उडवते आणि वरच्या पत्र्यावर त्याची आडवी रेघ उमटते. टायरच्या आतील बाजूस ओल असेल तर ती ॲक्सल सीलची (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीलची) की व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या, ब्रेक ऑइलच्या सिलिंडरची), हे वासावरून कळते: गियर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तर ब्रेक ऑइल पातळ असते, पाण्याने धुतले जाते आणि रंग सोलते.

पाचव्या उपायाने मात्र माझा संयम संपला. “लायनरवर ऑइल आले असेल तर पेट्रोलने धुवा आणि पेटवून द्या, ऑइल जळून जाते.” लायनर म्हणजे ब्रेकच्या शूवरचा, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा थर. तो सच्छिद्र असतो, वरचे ऑइल जळते, आत मुरलेले राहते आणि ड्रम तापला की पुन्हा वर येते. लायनर ज्या रेझिनने बांधलेला असतो ते रेझिनही त्या आगीत खराब होते. दीड टन टोमॅटो घेऊन घाट उतरताना एका चाकाने धरले आणि दुसरे घसरले, तर गाडी कोणत्या बाजूला ओढली जाईल हे त्या लेखकाने येऊन सांगावे. पेट्रोलने भिजलेला शू गॅरेजच्या दारात पेटवणे हा वेगळाच वेडेपणा. ऑइल लागलेले शू टाकून द्यायचे असतात, आणि एका बाजूचे नव्हे तर दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे असतात.

मेहुण्याच्या गाडीत डावा सील गेला होता, पण नुसता सील बदलून भागले नसते. शाफ्ट वर-खाली हलवून पाहिल्यावर बेअरिंगमध्ये खेळ निघाला आणि सील बसतो त्या जागी नखाला लागेल एवढी खाच पडलेली होती. अशा खाचेवर नवी लिप टिकत नाही. तिथे पातळ स्टीलची स्लीव्ह (नळीसारखे आवरण) चढवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो. बेअरिंग, स्लीव्ह, सील, दोन्हीकडचे शू आणि नवा ब्रीदर यांत त्याचा एक दिवस आणि बाजाराची एक खेप गेली.

राहिला सहावा उपाय: पिनियनचे नट “आणखी अर्धा आटा” आवळण्याचा. ज्या गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी स्लीव्ह असते, तिथे हे नट बेअरिंगवरचा ताण ठरवते, सीलशी त्याचा संबंध नसतो. जास्त आवळले की स्लीव्ह कायमची दबते, बेअरिंग तापून घरघर करू लागते, आणि नट पुन्हा सैल करून ती स्लीव्ह मूळ लांबीवर येत नाही. सील बदलण्यासाठी नट काढायचेच असेल तर आधी त्याच्या जागेवर खूण करावी आणि पुस्तिकेत दिलेल्या मापानेच ते परत बसवावे. मेहुण्याने सुदैवाने इथपर्यंत मजल मारली नव्हती. एवढा मोठा पाना त्याच्याकडे नव्हता.