फिस्कोर्नविषयीच्या आक्षेपांना उत्तर

आपल्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. फिस्कोर्न हे लष्करी बँडच्या कुळातील पितळी वाद्य असल्यामुळे ते कातालान (ईशान्य स्पेनमधील कातालोनियाच्या) लोकसंगीताचे पारंपरिक वाद्य ठरत नाही, हा पहिला; आणि सार्दाना या तिथल्या रिंगण धरून करायच्या नृत्याच्या साथीत ते ऐकूच येत नाही, हा दुसरा.

फिस्कोर्न जर्मन घराण्यातील फ्ल्यूगलहॉर्नचा खालच्या सप्तकातला भाऊबंद आहे, हे मला मान्यच आहे. परंतु वयाचा आणि घडणीचा हाच निकष आपण ज्या तेनोराला, म्हणजे सनईसारख्या जोडपत्तीच्या लाकडी वाद्याला, अस्सल म्हणता तिला लावला, तर तीही बाद होईल. आजची तेनोरा दक्षिण फ्रान्समधील पर्पिन्याँ येथील आंद्रेउ तुरोन यांनी १८४९ साली घडवली. तिला यांत्रिक चाव्या आहेत आणि तिचे खालचे मुख धातूचे आहे. सार्दानाचे लांब रूपही त्याच काळात कातालोनियातील फिगेरस गावचे संगीतकार पेप व्हेंतुरा (१८१७–१८७५) यांच्या प्रभावाने रुळले आणि कोब्ला हा सार्दानाला साथ करणारा वादकांचा ताफा तेव्हाच वाढू लागला. फ्लाबिओल ही बासरी आणि तांबोरी हा छोटा ढोल मात्र खरोखरच जुने आहेत, एवढे आपल्या बाजूने म्हणता येईल.

जुन्या लहान ताफ्यात चामडी पिशवीचे, मशकबीनच्या जातीचे एक वाद्य असे आणि त्याचा अखंड सूर संगीताचा तळ भरून काढी. हे वाद्य कोब्लातून गेल्यावर रिकामी झालेली जागा पितळी वाद्यांकडे आली, आणि माझ्या मते फिस्कोर्नने ती सर्वांत समजूतदारपणे सांभाळली.

आता ऐकू येण्याविषयी. अकरा वादकांच्या कोब्लात पुढच्या ओळीत तिब्ले (तेनोराची लहान, उंच स्वराची बहीण) आणि तेनोरा ही टोकदार आवाजाची वाद्ये असतात. मागे दोन ट्रंपेट, एक झडपांचे ट्रॉम्बोन आणि दोन फिस्कोर्न. ट्रंपेटची नळी बरीचशी एकसारख्या व्यासाची असल्याने तिचा स्वर लखलखीत येतो, तर फिस्कोर्नची नळी शंकूसारखी रुंदावत जात असल्याने त्याचा स्वर गोल आणि मऊ होतो. युफोनियम या तशाच खालच्या स्वराच्या पितळी वाद्याचे मुख वर असते, फिस्कोर्नचे समोर. उघड्या चौकात नाचणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. सार्दानाच्या लांब पावलांच्या भागात तेनोरा मुख्य चाल घेते, तेव्हा तिच्या खालून पुष्कळदा फिस्कोर्नची स्वतंत्र प्रतिचाल जात असते. आपण ध्वनिमुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले असेल, तर हाच मध्य-खालचा पट्टा सर्वांत आधी हरवतो. हेडफोन लावून तेनोराकडे मुद्दाम दुर्लक्ष करून ऐकावे, ही विनंती.