अंदाज एकाचा, जमीन दुसऱ्याची

कुठल्याही नव्या विमानतळाची किंवा विस्ताराची बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: प्रवासीसंख्येचा अंदाज. अमुक सालापर्यंत वर्षाला इतके कोटी प्रवासी. टर्मिनलची चकचकीत चित्रं, मंत्र्यांची भाषणं, रोजगाराचे आकडे, सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा असतो. तिच्यावरून धावपट्ट्या किती ते ठरतं, धावपट्ट्यांवरून जमीन किती ते ठरतं आणि जमिनीवरून कुणाचं घर जाणार ते. ज्याचं घर जाणार त्याचं नाव यादीत असतं, मोबदल्याच्या रकमेसकट. अंदाज ज्यानं बांधला त्याचं नाव मात्र शोधून सापडत नाही.

माझी तक्रार त्या न सापडणाऱ्या नावाबद्दल आहे. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळ मिराबेल म्हणून ठिकाण आहे. १९६९ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं नव्या विमानतळासाठी ९७ हजार एकर जमीन ताब्यात घेतली. म्हणजे ३९० चौरस किलोमीटरच्या वर, आणि तीही उत्तम शेतजमीन. हजारो माणसं उठली. अनेक शेतकरी स्वतःच्याच शेतावर सरकारचे भाडेकरू होऊन राहिले. १९७५ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि पहिल्या दिवसापासून लंगडत चालला. आंतरराष्ट्रीय विमानं इथं आणि देशांतर्गत विमानं जुन्या डोर्व्हाल विमानतळावर, अशी विभागणी केली होती. विमान बदलायचं तर प्रवाशानं सामान घेऊन एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं. जोडणारी रेल्वे होणार होती, ती झालीच नाही. त्यात विमानांचा पल्ला वाढला. अटलांटिक ओलांडल्यावर इंधनासाठी मॉन्ट्रियलला थांबायची गरज उरली नाही, ती थेट टोरांटोला जायला लागली. कोट्यवधी प्रवाशांची स्वप्नं पाहिलेल्या या विमानतळानं वर्षाला ३० लाखांचा टप्पाही कधी ओलांडला नाही. २००४ मध्ये प्रवासी विमानं बंद झाली, २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं.

आज तिथं मालवाहतूक चालते, विमानांचे कारखाने आहेत, तेव्हा सगळंच वाया गेलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ते एवढ्या जमिनीचं समर्थन होऊ शकत नाही. सरकारनं स्वतःच १९८० च्या दशकात सुमारे ८० हजार एकर जमीन परत करायला काढली. १९६९ ला जो शेतकरी ऐन चाळिशीत होता तो तोवर साठीला टेकलेला. मधल्या काळात आपण शेतात विहीर खणावी की नाही, गोठा दुरुस्त करावा की नाही, मुलांनी शेतीत राहावं की शहर गाठावं, यातलं काहीच त्याला धड ठरवता आलं नसणार. त्या वर्षांचा मोबदला कुठल्या कोष्टकात बसतो?

कुणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे. मग अमेरिकेतल्या सेंट लुईसचं बघा. तिथला विमानतळ टीडब्ल्यूए या कंपनीचं मुख्य ठाणं होता. गर्दी वाढतेय, नवी धावपट्टी हवी, असं ठरलं. शेजारच्या ब्रिजटन गावातली सुमारे २ हजार घरं विकत घेऊन पाडली. गाव कोर्टात गेलं आणि हरलं. २००१ मध्ये टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्सच्या पोटात गेली आणि २००३ मध्ये अमेरिकननं तिथली उड्डाणं झपाट्यानं कमी केली. २००६ मध्ये १ अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची धावपट्टी तयार झाली, तेव्हा वर्षाचे प्रवासी ३ कोटींवरून जवळपास निम्म्यावर आले होते. पिट्सबर्गमध्येही हेच. १९९२ मध्ये यूएसएअरच्या गरजेनुसार भलं मोठं टर्मिनल बांधलं, २००४ मध्ये कंपनीनं तिथलं ठाणं मोडलं.

विमान कंपनी एका हंगामात मुक्काम हलवू शकते. वेळापत्रक बदललं की झालं. धावपट्टी जागची हलत नाही आणि पाडलेलं घर तर परत येतच नाही. हा सगळ्या नियोजनातला मूळ असमतोल आहे. विस्तारासाठी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा पक्ष सगळ्यात सहज निघून जाऊ शकतो, आणि ज्याला कुणी विचारलेलं नसतं तो कायमचा तिथं असतो.

स्पेनमधलं सिउदाद रेआल तर या विषयातलं पाठ्यपुस्तकी उदाहरण झालंय. २००८ मध्ये १ अब्ज युरोहून अधिक खर्चून खासगी विमानतळ उभा केला, ४ किलोमीटरहून लांब धावपट्टी. २०१२ पर्यंत टाळं. २०१५ च्या लिलावात एका गटानं १० हजार युरोची बोली लावली होती! ती अर्थातच स्वीकारली नाही, पुढे तो सुमारे ५.६ कोटी युरोला गेला. खासगी पैसा होता, बुडाला तर बुडाला, असं म्हणायचीही सोय नाही. त्यात पैसा ओतणाऱ्या प्रादेशिक बचत बँकेला २००९ मध्ये सरकारला सावरावं लागलं होतं.

अंदाज नेहमी फुगलेलेच का निघतात? त्यात फार गूढ नाही. अंदाज बांधून घेणारा तोच असतो ज्याला प्रकल्प हवा असतो. मागच्या दहा चांगल्या वर्षांची रेघ सरळ पुढं ओढली जाते. शेजारशेजारचे दोन विमानतळ एकच प्रवासी आपापल्या अहवालात मोजतात. आणि वीस वर्षांनी अंदाज चुकला तर विचारायला जाणार कुणाकडे?

आता दुसरी बाजू. मी विमानतळांच्या विरोधात नाही, आणि ‘सगळं थांबवा’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. विमानसेवा वाढली की शहराला फायदा होतो, याला पुरावा आहे. जॅन ब्रुक्नर या अर्थतज्ज्ञानं अमेरिकेतल्या महानगरांचा अभ्यास करून २००३ मध्ये मांडलं की, प्रवासी १० टक्क्यांनी वाढले तर सेवाक्षेत्रातला रोजगार साधारण १ टक्क्यानं वाढतो. कारखान्यांमधल्या रोजगारावर मात्र त्याला असा परिणाम दिसला नाही. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. सल्लागार, बँका, हॉटेलं, परिषदा, ज्यांचं काम माणसं भेटण्यावर चालतं, त्यांना विमानतळ फळतो. जमीन ज्यांची जाते ते सहसा त्या नोकऱ्यांत नसतात. त्यांच्या वाट्याला येते ती पार्किंग, सफाई, सामानाची चढउतार. तीही कंत्राटी.

म्हणजे फायदा खरा आहे, पण तो पसरलेला आहे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तोटा मात्र कुंपणालगतच्या दोन-चार गावांत साचतो. ‘देशाच्या हितासाठी’ म्हणताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

आवाजाचंच घ्या. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ च्या मे महिन्यात एका रात्रीत बंद झाला आणि नवा दुसऱ्या दिवशी सुरू झाला. सगळं सामान रातोरात ट्रकांमधून हलवलं. संशोधकांना ही आयतीच संधी मिळाली. दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांच्या त्यांनी आधी आणि नंतर चाचण्या घेतल्या. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं तेच खालावलं. घरं, शाळा तीच, डोक्यावरून जाणारी विमानं तेवढी बदलली. याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा?

तरी सरकारी नकाशावर आवाज म्हणजे एक रेषा असते. आत असाल तर खिडक्यांना दुहेरी काच मिळते, बाहेर असाल तर काही नाही. गल्लीच्या अलीकडचं घर आत, पलीकडचं बाहेर. शिवाय ती रेषा वर्षाच्या सरासरीवर काढलेली. पहाटे पाचला झोपमोड करणारं विमान सरासरीत विरघळून जातं. (संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देतात, मान्य. पण माणूस सरासरीनं जागा होत नाही.) जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी दिवसरात्र मिळून सरासरी ४५ डेसिबल आणि रात्रीसाठी ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली. युरोपियन संघाच्या आवाजाच्या नकाशांची सक्ती ५५ पासून सुरू होते. मधल्या दहा डेसिबलमध्ये राहणाऱ्या लोकांना त्रास होतोय हे कागदावर आलंच पाहिजे असं नाही.

आवाजापेक्षाही एक गोष्ट मला जास्त छळते, आणि तिच्यावर फार कमी लिहिलं जातं. ती म्हणजे ‘प्रस्तावित’ हा शिक्का. लंडनच्या हीथ्रोची तिसरी धावपट्टी घ्या. २००३ मध्ये सरकारनं तिला तत्त्वतः पाठिंबा दिला. २००९ मध्ये मंजुरी, २०१० मध्ये नवं सरकार आलं आणि रद्द. २०१८ मध्ये संसदेनं ४१५ विरुद्ध ११९ मतांनी पुन्हा मान्य केली. २०२० च्या फेब्रुवारीत अपील कोर्टानं बेकायदा ठरवली, त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी पुन्हा पाठिंबा जाहीर केला. या सगळ्या काळात सिप्सन, हार्मंड्सवर्थ, लाँगफर्ड या गावांतले लोक काय करत होते? थांबले होते. धावपट्टीच्या नकाशात आलेल्या घराला बाजारभावानं गिऱ्हाईक कुठून मिळणार? तरुण मंडळी निघून जातात, घरं भाड्यानं जातात, गाव आतून रिकामं होत जातं. एक वीटही न लावता. हार्मंड्सवर्थला १४२६ च्या सुमाराचं भव्य लाकडी धान्य-कोठार उभं आहे. पाच-सहा शतकं टिकलं ते. गाव तेवढं टिकेल का, हे मला सांगता येत नाही.

फ्रान्समध्ये नॉत्र-दाम-दे-लांदला तर १९७४ मध्येच जमीन राखून ठेवली होती. आंदोलनं, पोलिसांच्या कारवाया, २०१६ मध्ये स्थानिक मतदान (त्यात ५५ टक्के लोक विमानतळाच्या बाजूनं होते, हेही सांगायला हवं) आणि शेवटी २०१८ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी प्रकल्प रद्द केला. ४४ वर्षं. होकार असो की नकार, एवढा वेळ लावणं हीच शिक्षा झाली.

यावर लगेच ऐकू येतं की लोकशाहीत असंच चालायचं, न विचारता कामं उरका. न विचारण्याचा प्रयोग जपाननं करून पाहिलाय. टोकियोजवळचा नारिता विमानतळ. १९६६ मध्ये मंत्रिमंडळानं शेतकऱ्यांशी न बोलता जागा जाहीर केली. त्यातल्या बऱ्याच जणांनी महायुद्धानंतर तिथं येऊन माळरान फोडून शेती उभी केली होती. पुढे जे झालं त्यात माणसं मेली, पोलीसही आणि आंदोलकही. १९७८ च्या मार्चमध्ये, उद्घाटन चार दिवसांवर असताना, आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रणा फोडली. दोन महिन्यांनी विमानतळ उघडला तो एकाच धावपट्टीवर. दुसरी यायला २००२ उजाडलं, आणि तीही ठरल्यापेक्षा आखूड, २,१८० मीटरची, कारण पुढची जमीन मिळालीच नव्हती. अडीच हजार मीटर व्हायला २००९. टॅक्सीवे, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत ज्यावरून जातात तो रस्ता, एका शेताला वळसा घालून जायचा. विमानं वळण घेत जायची आणि आत भाजीपाला पिकत होता. १९९५ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली. त्याआधीच सरकारनं जबरदस्तीनं जमीन घेणार नाही असं कबूल केलं होतं. १९६६ मध्ये वाचवलेल्या काही महिन्यांची ही किंमत.

पण त्याच जपानातलं ओसाका मला जास्त विचारात पाडतं. तिथल्या इतामी विमानतळाच्या आवाजाविरुद्ध रहिवासी कोर्टात गेले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई दिली, रात्रीच्या उड्डाणांवर बंदीची मागणी मात्र फेटाळली. शेवटी आवाजाचा प्रश्न सुटावा म्हणून समुद्रात भराव घालून कन्साई विमानतळ बांधला, १९९४ मध्ये तो सुरू झाला. आता इतामी बंद होणार, तर आसपासच्या नगरपालिकाच म्हणाल्या, राहू द्या! विमानतळावर तोवर त्या भागाचं पोट चालायला लागलं होतं. इतामी आजही चालू आहे. याला दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे. मला तो म्हणवत नाही. रात्री झोप हवी आणि सकाळी धंदाही हवा, यात विसंगत काय आहे?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एकदम पन्नास वर्षांची जमीन घेऊ नका, टप्प्याटप्प्यानं घ्या, आणि ठरल्या मुदतीत वापरली नाही तर ती घेतल्या भावात मूळ मालकाला परत देण्याचं कलम पहिल्याच कागदात असू द्या. अंदाज एका आकड्यात देऊ नका, किमान-कमाल द्या, त्याखाली सही करा आणि दर पाच वर्षांनी प्रत्यक्ष आकडा शेजारी छापा. जुन्या विमानतळाचं काय होणार हे नव्याच्या भूमिपूजनाआधी ठरवा, मिराबेल निम्मं तिथंच मेलं. आणि काय होणार नाही, किती वर्षं होणार नाही, हेही लिहून द्या.

हे शेवटचं अशक्य नाही. लंडनच्याच गॅटविक विमानतळानं १९७९ मध्ये वेस्ट ससेक्सच्या कौंटी कौन्सिलशी लेखी करार केला होता: ४० वर्षं दुसरी धावपट्टी बांधणार नाही. सरकारं बदलली, विमानतळाचे मालक बदलले, करार २०१९ पर्यंत पाळला गेला. त्या वर्षी एकाच मुख्य धावपट्टीवरून साडेचार कोटींहून जास्त प्रवाशांनी ये-जा केली. दुसऱ्या धावपट्टीला मंजुरी मिळाली २०२५ मध्ये, करार संपल्यावर. मधल्या ४० वर्षांत तिथं घर घेणाऱ्याला आपण कशाच्या शेजारी राहायला जातोय हे तारखेसकट माहीत होतं.