न्येपीला बालीत मिरवणूक नसते

‘पाडव्याला बालीत जा, तिथल्या शक नववर्षाची मिरवणूक बघा’ हा फिरणारा सल्ला निम्माच खरा आहे. न्येपी शक नववर्षाचाच दिवस. २०२६ मध्ये तो पाडव्याच्याच तारखेला, १९ मार्चला आला. पण २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. त्यामुळे आपलं कॅलेंडर बघून तिकीट काढू नका.

मिरवणूक असते आदल्या संध्याकाळी, ओगोह-ओगोह या राक्षसी पुतळ्यांची. न्येपीला सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ सगळं बंद: विमानतळ, बंदरं, दुकानं, समुद्रकिनारेसुद्धा. ‘पर्यटकांना सूट असते’ हे साफ चूक. रस्त्यावर दिसलात तर पेचालांग, म्हणजे गावचे पारंपरिक रक्षक, परत पाठवतात. वैद्यकीय निकड मात्र अपवाद.

हॉटेलात राहत असाल तर जेवण मिळतं. व्हिला घेतलाय? मग दोन वेळचं खाणं आणि पाणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणून ठेवा, नंतर मिरवणुकीसाठी रस्ते अडतात. रात्री दिवे मंद, पडदे ओढलेले. मोबाइल इंटरनेटही बंद असतं, तेव्हा परतीची तिकिटं आधीच डाउनलोड करा.