आता ती कोणाकडे आहे?

आम्ही सात मोठी माणसं होतो आणि लहान एकच, माझी साडेतीन वर्षांची लेक. सहल तिच्यासाठीच ठरवलेली. समुद्र तिनं तोवर फक्त चित्रात पाहिला होता. पहिल्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास सगळे किनाऱ्यावर गेलो. पाणी तिच्या गुडघ्याएवढं. सासू-सासरे चटई टाकून बसलेले, नणंद फोटो काढत होती, नवरा आणि दीर थोडे पुढे जाऊन लाटा अंगावर घेत होते, जाऊबाई चपला गोळा करत होत्या. मी तिच्यापासून चार पावलांवर होते आणि मागे वळून सासूबाईंना टॉवेल कुठल्या पिशवीत आहे ते सांगत होते.

वळून पाहिलं तर ती खाली बसलेली. एका लाटेनं तोल गेला होता आणि दुसरी लाट तिच्या डोक्यावरून जात होती. आवाज काहीही नाही. रडणं नाही, 'आई' नाही. पाणी ओसरलं तेव्हा तोंड उघडं, डोळे उघडे, केस चेहऱ्याला चिकटलेले, आणि ती आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी दंडाला धरून तिला उचललं. दोन-तीनदा खोकली आणि मग मोठ्यानं रडायला लागली. ते रडणं कानावर पडलं तेव्हा नणंदेनं कॅमेऱ्यातून मान वर केली. तोपर्यंत काही झालंय हे माझ्याशिवाय कोणालाही कळलेलं नव्हतं.

रात्री ती झोपल्यावर आम्ही बसलो. कोणी कोणाला बोललं नाही, पण एकेकानं सांगायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांचं सांगणं एकच निघालं. नवऱ्याला वाटलं मी आहे. मला वाटलं नणंद तिच्याकडेच बघतेय, कारण कॅमेरा तिच्याच दिशेला होता. सासऱ्यांना वाटलं इतकी माणसं पाण्यात आहेत, मग आपण कशाला उठायचं. सात जण असूनही त्या अर्ध्या मिनिटात तिच्याकडे कोणीच नव्हतं. एकटी आई मुलाला घेऊन आली असती तर तिनं नजर हलवली नसती. आम्ही जास्त होतो म्हणून निर्धास्त झालो.

हे लिहितेय कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बुडणं म्हणजे आरडाओरडा, हातपाय मारणं, 'वाचवा वाचवा' असंच असतं. तसं ते बहुतेक वेळा नसतं. हाक मारायला आधी श्वास लागतो, आणि बुडणाऱ्याचं तोंड पाण्याबाहेर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं. हात उंच करून हलवता येत नाहीत, कारण अंग वर ठेवायला ते आपोआप पाणी खाली दाबत असतात. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकानं खऱ्याखुऱ्या बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण अभ्यासून हे मांडलं. अशी धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते, लहान मुलाच्या बाबतीत त्याहून कमी धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालची होती. मी हा आकडा घरी आल्यावर वाचला आणि बराच वेळ फोन उलटा ठेवून बसले.

त्या रात्री आम्ही एक गोष्ट ठरवली. पुढचे चार दिवस ती पाळली, आणि तुम्हीही पाळा म्हणून कळकळीनं सांगतेय. पाण्याजवळ असताना मूल एका वेळी एकाच माणसाकडे. वीस मिनिटांची पाळी. पाळी देणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, 'आता ती तुझ्याकडे.' घेणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, 'माझ्याकडे.' हे उत्तर आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही. ज्याच्याकडे मूल आहे त्यानं फोन दुसऱ्याला द्यायचा, गप्पा मारायच्या नाहीत, आणि हात लांबवला की मूल हाताशी लागेल इतक्याच अंतरावर राहायचं. पहिल्या दिवशी मी चार पावलांवर होते. काठावरून चार पावलं काहीच वाटत नाहीत, पण ओढणाऱ्या पाण्यात ती चार पावलं टाकून पाहा.

दंडात घालायचे हवेचे फुगे किंवा रबरी चाक म्हणजे संरक्षण नव्हे. ती खेळणी आहेत, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर फुगवलेलं चाक मुलासकट बघता बघता लांब नेतो. जीवरक्षक असतील तिथेच पाण्यात उतरा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. पण एका जीवरक्षकाच्या नजरेत अख्खा किनारा असतो. तुमचं एक मूल ही तुमची जबाबदारी. आणि पोहण्याचा निळा किंवा राखाडी पोशाख तेवढा घेऊ नका. माझ्या लेकीचा सुंदर आकाशी होता, पाण्यात तो दिसेनासाच होत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला भडक नारिंगी टीशर्ट घातला.

मोठ्यांसाठीही एक सांगते, कारण मूल वाचवायला धावणारा स्वतः अडकतो. लाटा ओळीनं फुटत असताना मध्येच एक शांत, जरा गडद पट्टा दिसतो. नवशिक्याला वाटतं तिथे पाणी सौम्य आहे, मुलाला तिथेच न्यावं. बऱ्याचदा किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात परत आत जात असतं. त्यात सापडलात तर काठाकडे सरळ पोहून शक्ती घालवू नका, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून आधी बाहेर या.

या पाळीनं आमची सहल आखडेल असं दिराला वाटलं होतं. झालं उलटंच. ज्याची पाळी नव्हती तो खरोखर मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, 'मुलं वाढवली, पण समुद्रावर आडवी कधी झाले नव्हते.' त्या डोळे मिटून पडल्या आणि त्यांना मध्येच दचकून उठावं लागलं नाही.

आणि ज्याची पाळी होती त्याला ती दिसायला लागली. मी रोज घरात तिच्याबरोबर असते, पण वीस मिनिटं सलग, हातात दुसरं काहीही नसताना, नुसतं तिच्याकडे कधी बघितलं होतं? तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत ती एक पाय ठेवायची, खाली वाकून बघायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. मला आधी कळेना. मग म्हणाली, 'आई, मी पाय ठेवला की वाळू घाबरते.' मी बसून पाहिलं. खरंच, तिचं पाऊल पडलं की भोवतीची चकचकीत ओली वाळू क्षणात फिकी, कोरडी दिसायची, आणि पाऊल उचललं की तिथे पाणी जमायचं. इतक्या वेळा समुद्रावर गेलेय, हे कधी दिसलं नव्हतं. नंतर शोधलं तर ऑसबोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानं १८८५ मध्येच याचं कारण सांगून ठेवलंय. घट्ट बसलेले वाळूचे कण पायाच्या भारानं एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यातली पोकळी वाढते आणि वरचं पाणी त्या पोकळीत उतरतं. मला मात्र वाळू घाबरते हेच जास्त पटलं. अर्धा तास आम्ही वाळूला घाबरवत होतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की लहान मूल बरोबर असताना एकच किनारा धरा. एका दिवसात तीन ठिकाणं, सूर्यास्ताला अमुक जागीच पोचायचं, ही धावपळ मोठ्यांची. तिला तो एकच दहा हात रुंदीचा पट्टा रोज पुरला, कारण तो रोज वेगळा होता. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा काल ज्या वेळेला तिचा किल्ला वाहून गेला त्या वेळेला आज पाणी अजून लांब असायचं. 'पाणी अजून झोपलंय,' हे तिचं स्पष्टीकरण. भरतीच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं हे लक्षात ठेवून चटई टाका.

उन्हाचंही असंच. वारा लागतो म्हणून तापलेलं कळत नाही, आणि छत्रीखाली बसलं तरी वाळूवरून परतलेलं ऊन लागतंच. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर, एवढंच आम्ही ठरवून टाकलं. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सनस्क्रीनपेक्षा सावली आणि अंगभर कपडे. आणि वाळूत खड्डा खणायचा तर सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्याएवढाच. खोल खड्ड्याच्या भिंती ढासळतात, आणि वाळूचं वजन फार असतं.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला आजोबांकडे सोपवत होते. मी म्हटलं, 'बाबा, आता ती तुमच्याकडे.' त्यांच्या कानात वारा भरला असावा, ते क्षितिजाकडे बघत होते, काही बोलले नाहीत. मी थांबले होते. तेवढ्यात तिनंच त्यांचं बोट धरून हलवलं. 'आजोबा, म्हणा ना, माझ्याकडे. नाहीतर आई जाणार नाही.' ते खाली बसले, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, 'माझ्याकडे.' मग ती दोघं पाण्याकडे गेली आणि मी टॉवेल आणायला गेले.