दंड वाढवून पुस्तकं येत नाहीत, आई

'अमेरिकेत ग्रंथालयांनी उशिराचा दंड बंद केला आणि लोकांनी पुस्तकं परत करणंच सोडलं. ग्रंथालयं बुडाली. दंडाशिवाय शिस्त नाही, मुलांना तर नाहीच. पुढे पाठवा.' हा मेसेज घोडबंदर रोडवरच्या किती सोसायट्यांत फिरला देव जाणे. फिरेना का, मला काय! पण आमच्या सोसायटीचं वाचनालय माझी आई सांभाळते, आणि तिने तो वाचून दाराशी फलक लावला: दंड दिवसाला एक रुपयाऐवजी पाच रुपये.

तर आधी ते अमेरिकेचं. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १ ऑक्टोबर २०१९ पासून दंड बंद केला आणि जुनी थकबाकीही पुसून टाकली. पुढच्या तीन आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांत २४० टक्के वाढ झाली. वाढ, आई, घट नव्हे. आता हेही खरं की ही माफीनंतरची पहिली लाट. वर्षानुवर्षं घरात दडलेली पुस्तकं एकदम बाहेर पडली, दर महिन्याला काही तसं होणार नाही. पण मग ती दडली कशामुळे होती?

'ग्रंथालयं बुडाली' हे तर कुठून काढलं कोण जाणे. आयर्लंडने २०१९ च्या जानेवारीत देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांतला दंड रद्द केला, तिथली ग्रंथालयं काही बंद पडली नाहीत. आपल्याकडेही ग्रंथालयं वर्गणीवर, देणग्यांवर आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या सरकारी अनुदानावर तगतात, ते अनुदान कितीही रडतखडत येवो. आईच्या दंडाच्या डब्यातून गेल्या वर्षी झेरॉक्सचा खर्चसुद्धा निघाला नाही.

आणि दंड नाही म्हणजे पुस्तक फुकटात घरी, असंही नसतं. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये उशिराचा दंड काढला, तरी साधारण महिनाभर पुस्तक आलं नाही की ते हरवलं असं धरून किंमत मागतात. आणून दिलं की मागणी रद्द. आपल्याकडे तर अनामत आधीच घेऊन ठेवलेली असते!

पण माझं डोकं फिरलं ते मुलांच्या शिस्तीवर. शिकागोत दंडापायी बंद पडलेल्या दर पाच कार्डांमागे एक कार्ड चौदा वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलाचं होतं. पुस्तक वेळेवर परत करायचं तर ग्रंथालयापर्यंत कोणीतरी न्यायला हवं, आणि ते काही त्या पोराच्या हातात नसतं. कार्ड मात्र त्याचं बंद.

इतक्या लांब तरी कशाला जा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी सातवीत आहे. मे महिन्यात गावी जाताना तिने वाचनालयाचं एक पुस्तक नेलं. आजी आजारी पडली, परतायला जून उलटला. जुन्या दरानेच चाळीस रुपये झाले होते. त्यात हा फलक. मुलीने त्याच्यासमोर उभं राहून चाळीस पंचे दोनशे असा हिशेब केला. पुस्तकाची छापील किंमत एकशे वीस! मागचे दिवस जुन्याच दराने धरणार, असं फलकावर कुठे लिहिलंय? त्या दिवसापासून ती वाचनालयाच्या जिन्याकडे फिरकली नाही. परवा मावशी भांडी घासता घासता हळूच म्हणाल्या, "ताई, पुस्तक तुमच्याकडे दिलं तर गुपचूप ठेवाल का तिथे? आजींना नका सांगू."

आजी म्हणजे माझी आई. जी याच मुलीला स्वतःहून पुस्तकं काढून द्यायची.

एक मुद्दा मात्र आईचा मान्य. दिवाळी अंक आले की एकेका अंकासाठी दहा जण थांबलेले असतात आणि एखादे काका तो महिनाभर उशाशी घेऊन झोपतात. त्यांना धाक हवाच. पण पाच रुपये त्यांच्या खिजगणतीतही नाहीत. ते ऐटीत दंड भरतात आणि अंक आणखी आठवडाभर ठेवतात. त्यांना पहिला अंक येईपर्यंत दुसरा देऊ नका, फोन करा, ग्रुपवर नाव टाका. कसे धावत येतात बघा.

आईला हे सगळं ऐकवलं, मावशींचं तेवढं सोडून. "कमिटीपुढे ठेवते," म्हणाली. फलक अजून तिथेच आहे. पुस्तक मी काल संध्याकाळी बालविभागाच्या कपाटात सरकवून आले. नोंदवहीत ते अजून त्या मुलीच्याच नावावर आहे आणि मीटर चालू आहे, हे घरी आल्यावर लक्षात आलं. आता आईला सांगणं आलंच.