रिफ्लेक्टर धरणाऱ्याचे मनोगत

रविवारची सकाळ ही अंथरुणात लोळत वर्तमानपत्राच्या पुरवण्या वाचण्यासाठी असते, अशी माझी समजूत होती. माझ्या पुतणीने ती मोडीत काढली. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची छायाचित्रे काढायची आणि त्यांच्या आयुष्याची गोष्ट खाली चार-सहा ओळींत लिहायची, हा तिचा सध्याचा ध्यास आहे. या कामाला तिला एक कॅमेरा लागतो, एक वही लागते आणि पिकल्या केसांचा एक माणूस लागतो. एकट्या मुलीने कॅमेरा रोखला की लोक संशयाने पाहतात. मागे काका उभे असले की तेच लोक ‘घरची माणसं दिसतात’ म्हणून निर्धास्त होतात, असे तिचे निरीक्षण आहे. काकांना नुसते उभे राहून अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्यांच्या हाती रिफ्लेक्टर, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड परतवणारी तबकडी, देण्यात आला आहे.

ज्यांनी ही वस्तू हाताळलेली नाही ते सुखी आहेत. पिशवीतून काढताक्षणी ती फाडकन उघडते आणि भल्या मोठ्या परातीएवढी होते. एक बाजू चंदेरी, दुसरी सोनेरी. उघडायला अक्कल लागत नाही. मिटायला मात्र दोन्ही कडा धरून विरुद्ध दिशांना पीळ द्यावा लागतो आणि तो पीळ मला अजून साधलेला नाही. परिणामी दादरच्या फूलबाजारापासून शिवाजी पार्कपर्यंत मी ती तबकडी उघडीच मिरवत नेतो आणि वाटेत भेटणारे परिचित ‘लग्न कोणाचं आहे?’ असे आस्थेने विचारतात.

या सगळ्याचे मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. ब्रँडन स्टँटन नावाचा तरुण शिकागोत रोख्यांचे व्यवहार करीत असे. २०१० साली त्याची नोकरी गेली, तेव्हा दुसरी शोधायची सोडून तो कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कला गेला. (आमच्याकडे कोणी असे केले असते, तर त्याला समजावण्यासाठी दोन्हीकडचे नातेवाईक जमले असते.) दहा हजार न्यूयॉर्ककरांची छायाचित्रे काढून ती शहराच्या नकाशावर ज्याच्या त्याच्या ठिकाणी लावायची, असा त्याचा बेत होता, म्हणजे एका परीने ती शिरगणतीच होती. पुढे तो छायाचित्राखाली त्या माणसाच्या तोंडचे एखादे वाक्य देऊ लागला आणि लोकांना नकाशापेक्षा ती वाक्येच आवडली. ‘ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क’ हे नाव तिथून जगभर गेले. २०१५ साली ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल वस्तीतल्या एका शाळकरी मुलाला त्याने विचारले, की तुझ्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा आहे. मुलाने आपल्या मुख्याध्यापिकेबद्दल सांगितले. त्या एका उत्तरातून शाळेसाठी दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या जमल्या आणि मुलगा व मुख्याध्यापिका यांना व्हाइट हाउसमध्ये ओबामांची भेट घडली. हा किस्सा पुतणी मला फूलबाजाराच्या वाटेवर ऐकवते. आम्ही मात्र तिथून दर खेपेस पाव किलो झेंडू पदरचे पैसे मोडून विकत घेऊन येतो.

त्याला कारण बोहनी. सकाळचा उजेड कोवळा असतो म्हणून पुतणीला पहाटेच जायचे असते आणि त्या वेळी पहिले गिऱ्हाईक व्हायचे नसेल तर टोपलीसमोर उभे राहण्याचा अधिकार कोणालाही नसतो. ‘आधी बोहनी करा, मग काय काढायचं ते काढा,’ असे फूलवाली सांगते आणि त्यात अयोग्य काहीच नाही. तिची मांडी घातलेली बैठक, उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा, त्यावर न पाहता सरकणारी शेवंती आणि दर चार फुलांमागे येणारे एक हिरवे पान, हे सारे मी रिफ्लेक्टरच्या कडेवरून इतक्या जवळून पाहिले आहे, की हार मला आता बहुधा करता येईल. पुतणीने तिला हळुवार आवाजात विचारले, ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा क्षण कोणता?’ बोटे थांबली नाहीत. ‘ताई, दुःखाला बसायला वेळ असता तर दुकान कुणी लावलं असतं?’ एवढे बोलून तिने आपल्या मुलीला बी.कॉम.ला मिळालेले गुण सांगितले, विषयवार. पुतणीने वहीत काही लिहिले नाही. मला ते गुण अजून पाठ आहेत.

एकदा मी सुचवून पाहिले, की विचारायचेच कशाला? न विचारताही छायाचित्रे काढता येतात. तेव्हा पुतणीने मला वॉकर इव्हान्सबद्दल सांगितले. १९३८ ते १९४१ या काळात हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून समोर बसलेल्या प्रवाशांची छायाचित्रे टिपत असे आणि ती पुस्तकरूपाने यायला १९६६ उजाडले. या सदरात मोडणाऱ्या दुसऱ्या एका छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये दिव्यांची गुप्त योजना करून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे पकडले. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी पुढे दावा लावला. २००६ साली न्यायालयाने ‘ही कला आहे’ म्हणून तो काढून टाकला. मला ही पद्धत अत्यंत सभ्य वाटली, कारण तिच्यात कोणाशी बोलावे लागत नाही आणि रिफ्लेक्टरही लागत नाही. पण त्या मंडळींना फक्त चेहरा हवा होता. आमच्या पुतणीला चेहऱ्यामागचेही हवे असते.

अडचण अशी, की आपली माणसे चेहऱ्यामागचे काही द्यायच्या आधी चेहरा नीट करून घेतात. ‘तुमचा फोटो काढू का?’ असे विचारताच केळीवाल्याने केळी बाजूला सारून शर्टाचे वरचे बटण लावले, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले आणि राष्ट्रगीताला उभा राहतो तसा ताठ उभा राहिला. पुतणी म्हणाली, ‘नेहमीसारखे बसा ना, सहज.’ तो म्हणाला, ‘फोटोत सहज कशाला बसायचं?’ या प्रश्नाला उत्तर आहे असे मला वाटत नाही. एका आजींनी तर आम्हांला जिन्याशी थांबवून ठेवले, वर जाऊन दात बसवले, इरकल नेसल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, की असा काढ, जो नंतर भिंतीवर लावता येईल. मुलांच्या हाती सोडलं तर आधार कार्डावरचाच मोठा करून लावतील. चहाच्या टपरीवरच्या पोराने उलट आमचीच चौकशी केली. ‘रील आहे का? फॉलोअर किती?’ पुतणीने आकडा सांगितला. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि आपला आकडा सांगितला. नंतर त्याने आमचे दोघांचे रिफ्लेक्टरसह छायाचित्र काढून घेतले, न विचारता.

स्टँटनचा एक ठरलेला प्रश्न आहे: मोठ्या जनसमुदायाला एकच सल्ला द्यायचा झाला तर कोणता द्याल? तो न्यूयॉर्कमध्ये चालला असेल. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तो विचारण्यापूर्वी पुतणीने माझे मत घ्यायला हवे होते, कारण त्या मैदानावर मोठ्या जनसमुदायांना सल्ले देण्याची परंपरा फार जुनी आहे. ज्या गृहस्थांना तिने विचारले ते बँकेतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, पांढरे बूट असे टापटीप होते. त्यांनी घसा साफ केला. रात्रीचे जेवण आठच्या आत घ्यावे, इथून सुरुवात होऊन ते वारसनोंदणी, गुडघ्यांसाठी मेथ्या, मुदत ठेवीचे नूतनीकरण या मार्गाने पाणी गाळून पिण्यापर्यंत आले. शेजारच्या दोघांनी मेथ्यांना हरकत घेतली. चौथ्याने वारसनोंदणीत दुरुस्ती सुचवली. एकच सल्ला मागितला होता, याची आठवण करून द्यायला माझे हात मोकळे नव्हते. सूर्य वर चढत होता आणि त्यासोबत मीही रिफ्लेक्टर तिरपा करीत होतो. या ओघात गृहस्थ सहज बोलून गेले, ‘सकाळी एकटाच असतो हल्ली. उठल्यावर दोन कप चहा टाकतो.’ पुतणीची लेखणी इथे चालली.

दुसऱ्या दिवशी छायाचित्र झळकले. ते उत्तम होते, यात माझ्या उजेडाचा वाटा आहे हे कोणीतरी नमूद करायला हवे. त्याखाली मेथ्या नव्हत्या, वारसनोंदणी नव्हती. फक्त इतकेच होते: ‘सकाळी एकटाच असतो हल्ली. पण चहा अजूनही दोन कप टाकतो.’ ‘पण’ आणि ‘अजूनही’ हे दोन्ही शब्द पुतणीच्या पदरचे होते. लोकांनी अश्रू ढाळले, हात जोडले, आपापले दिवंगत आठवले.

२०१४ पासून मुंबईतही अशा गोष्टी प्रसिद्ध करणारा एक उपक्रम आहे. २०२३ मध्ये त्याने तशाच दुसऱ्या भारतीय उपक्रमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात स्वामित्वहक्काचा दावा लावला, तेव्हा खुद्द स्टँटनने जाहीर नापसंती व्यक्त केली होती. ज्यांच्या त्या गोष्टी, त्यांना त्या कशा सांगितल्या जाव्यात असे वाटते, हा प्रश्न त्या गदारोळात मला कुठे ऐकू आला नाही. कट्ट्यावर तो ऐकू आला.

पुढच्या रविवारी गृहस्थ आमची वाटच पाहत होते. आठच्या आत जेवण्याचा सल्ला गाळल्याबद्दल त्यांनी प्रथम निषेध नोंदवला. चहाबद्दल त्यांचे म्हणणे साधे होते: त्यांना सकाळी दोन कप लागतात, चाळीस वर्षे लागतात. शेजारी बसलेल्या बाईंचे म्हणणे थोडे निराळे होते. त्यांना सोलापूरहून नणंदेचा, नाशिकहून मावसभावाचा आणि जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला होता, आणि फोन त्यांनीच उचलल्यावर पलीकडून कोणालाच काय बोलावे ते सुचले नव्हते. पुतणी मजकूर काढून टाकायला तयार झाली, पण ते बाईंना पसंत नव्हते. त्यांनी पदर सारखा केला, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, मला रिफ्लेक्टर जरा खाली घ्यायला सांगितले आणि सोनेरी बाजू वळवून घेतली.

‘आता माझा काढ,’ त्या म्हणाल्या, ‘आणि खाली एवढंच लिही, की मी ठाण्याला लेकीकडे गेले होते, आणि येत्या बुधवारी पुन्हा जाणार आहे.’